हप्ता चुकला तर दंड कुणाच्या खिशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मलेशियातील नेहमीच्या व्यापारी बँका आणि व्याज न घेणाऱ्या इस्लामी बँका यांच्यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. त्यावरून आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर झालेला वाद मात्र भलतीकडेच गेला. एक म्हणाला, तिथे कर्ज फुकट मिळतं. दुसरा म्हणाला, हे खूळ इकडे आलं तर बँका बुडतील. दोघांनी लेख अर्धाच वाचला असावा. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, म्हणून चार ओळी.

फुकट काही नसतं. समजा, तासगावच्या बागायतदाराला 8 लाखांचा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. व्यापारी बँक रक्कम देऊन व्याज लावते. इस्लामी बँक ट्रॅक्टर आधी स्वतः विकत घेते आणि त्याला 10 लाखांना हप्त्यांनी विकते. याला मुराबहा म्हणतात. हा नफा ठरवताना बँकेचा एक डोळा बाजारातल्या व्याजदरावर असतोच. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच, कारण बँकिंग नियमन कायदा, 1949 च्या कलम 8 प्रमाणे बँकेला मालाचा व्यापार करता येत नाही. रघुराम राजन यांच्या समितीने 2008 मध्ये व्याजविरहित बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने विषय गुंडाळला. कारण दिलं, बँकसेवा सर्वांना सारखीच उपलब्ध आहे. दुष्काळी टापूतल्या माणसाने यावर हसावं की काय करावं!

ठेवीदाराचा प्रश्न वेगळा. नफा-तोटा वाटून घेण्याच्या खात्यात मुद्दलालाही खोट बसू शकते. म्हणून मलेशियाने 2013 च्या कायद्यात ठेव आणि गुंतवणूक खातं वेगळं केलं. विमा ठेवीला, गुंतवणूक खात्याला नाही. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर 2006 मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांचे पैसे कसे अडकले होते, ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली म्हणून निभावलं.

मला त्या पद्धतीतली घेण्यासारखी गोष्ट एकच वाटते. हप्ता चुकला तर बँक आपलं प्रत्यक्ष नुकसान तेवढं भरून घेते. त्यावरचा दंड बँकेच्या नफ्यात धरत नाहीत, तो धर्मादाय कामाला जातो. कर्जदार थकला की बँकेची चंगळ, असं होत नाही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे होताच. सावकारी जाचातून कर्जदार शेतकरी सोडवायला 1879 चा शेतकरी कायदा आला, तोही पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठीच.

रिझर्व्ह बँकेनेही आता दंडव्याज, म्हणजे व्याजदरातच दंड मिळवणं, बंद केलं आहे. 1 एप्रिल 2024 पासून बँकांना फक्त दंडशुल्क घेता येतं आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. शेजारच्या एका हळद व्यापाऱ्याचा पतसंस्थेतला खातेउतारा मी पाहिला. दंडव्याज मुद्दलात, मग त्या मुद्दलावर व्याज, त्यावर पुन्हा दंड. भरलेले हप्ते कुठे जिरले, ते शोधावं लागत होतं.

सहकार आयुक्तांनी रिझर्व्ह बँकेचा हाच नियम पतसंस्थांना लावावा आणि थकीत खात्याचा उतारा देताना मुद्दल, व्याज व दंड हे तीन रकाने वेगळे दाखवणं सक्तीचं करावं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली