निर्लेखनाआधी एसएमपीएस तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतले संगणक धूळ खात पडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. चर्चा होते ती निधीची, नाहीतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. चिपळूण तालुक्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मला दिसतं ते जरा खालचं, कॅबिनेटच्या आतलं आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका शाळेतून बोलावणं आलं. दुरुस्तीसाठी नव्हे, दाखल्यासाठी. जडसंग्रह नोंदवहीतले (डेडस्टॉक रजिस्टरमधले) जुने संगणक निर्लेखित करायचे, म्हणजे नोंदीतून कायमचे बाद करायचे होते आणि 'दुरुस्ती परवडण्याजोगी नाही' या मजकुराखाली कुणातरी तंत्रज्ञाची सही हवी होती. कागद टाइप करून तयारच होता. मी म्हटलं, "मॅडम, आधी बघू तरी." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघा ना दादा. पण बटण दाबलं तर साधा दिवासुद्धा लागत नाही."

आमच्या धंद्यात हे लक्षण बरं समजतात. संगणक चालू होऊन मध्येच अडकत असेल, बीप देत असेल, तर रॅमपासून मदरबोर्डपर्यंत शोधत बसावं लागतं. ठार मेलेला असेल तर पहिला संशय मागच्या पत्र्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर. घरातले २३० व्होल्ट घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा तो हाच. दमट हवा, वळवाच्या विजा, लाईटची ये-जा, सगळं आधी याच्याच अंगावर येतं.

तो तपासायचा असा. मेन बंद करून मदरबोर्डाला लावलेला या डब्याचा मोठा चोवीस पिनांचा कनेक्टर काढायचा (फार जुन्या बोर्डावर वीस पिना असतात). त्यात हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर एका यू-क्लिपने जोडायची आणि मग मेन चालू करायचा. डबा जिवंत असेल तर पंखा फिरतो. मात्र पंखा फिरला म्हणजे सगळं ठीक असं मुळीच नाही, इथे बरेच जण फसतात. एखादी जुनी हार्डडिस्क किंवा सीडी ड्राइव्ह लोड (भार) म्हणून लावायची आणि मल्टिमीटर घ्यायचा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ यांच्या बाहेर आकडा गेला की डबा बदलायचा. जांभळ्या वायरवर तर मेन चालू असला की संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, कारण पुढचं बटण त्याच्याच जोरावर चालतं. आधी जांभळी बघितली तर निम्मा वेळ वाचतो.

त्या शाळेतल्या एका संगणकात जांभळ्यावर शून्य. पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, हवा जायला जागाच नाही. दुकानात आणून, बराच वेळ ठेवून, डबा उघडला तर कंडेन्सरची (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची) सपाट डोकी टम्म फुगलेली आणि एकाच्या डोक्यावरून तपकिरी द्रव ओघळून वाळलेला. (घरी कुणी हा डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.) दुसरा डबा लावला आणि तो संगणक उठला. तारीख तेवढी भलतीच दाखवत होता, तो बोर्डावरच्या छोट्या सेलचा दोष.

साधा एसएमपीएस आमच्याकडे सातआठशे रुपयांत मिळतो. त्याच्या लेबलावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. हातात धरून वजन बघा, फुलासारखा हलका लागला तर परत द्या. शाळेने दुप्पट-तिप्पट पैसे घालून बरा घ्यावा. शाळेत अर्थिंग आहे का तेही त्याच वेळी बघावं. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा मेन व्होल्टेज येऊन बसतो. 'कॉम्प्युटर चिमटे काढतो' अशी मुलांची तक्रार असते, ती खरी असते.

इतक्या जुन्या संगणकाला आजचा डबा बसतो, कारण एटीएक्स हे बोर्ड, कॅबिनेट आणि डब्याच्या मापांचं मानक इंटेलने १९९५ साली आणलं आणि स्क्रूच्या जागा तेव्हापासून त्याच आहेत. कनेक्टर पुढे वीसचा चोवीस झाला, पण बहुतेक डब्यांत जास्तीच्या चार पिना सुट्या करता येतात. माझी खरी तक्रार इथे आहे. निविदेतून घेतलेल्या काही ब्रँडेड संगणकांत डबा वेगळ्याच मापाचा आणि कनेक्टर कंपनीच्या घरचा असतो. वॉरंटी संपली की तो भाग मिळत नाही, मिळालाच तर किंमत ऐकून शाळा गप्प बसते. असा संगणक खरोखरच 'परवडण्याजोगा नाही' होतो, आणि तो खरेदीच्याच दिवशी तसा झालेला असतो.

जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार (कंपनीकडून मिळणारी अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे मला ठाऊक आहे. पण मराठी टंकलेखन शिकायला विंडोजच कशाला हवं? सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आहे, ती फुकट आहे.

तेव्हा शिक्षण विभागाला विनंती अशी की निर्लेखनाच्या नमुन्यात 'एसएमपीएस बदलून पाहिला काय' असा एक रकाना घालावा आणि त्यात मोजलेले व्होल्ट लिहायला लावावेत. पुढच्या खरेदीच्या निविदेत 'एटीएक्स मापाचाच एसएमपीएस' ही अट टाकावी. जे डबे खरंच गेले ते भंगारवाल्याला किलोवर न देता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावेत. आणि माझ्यासारख्यांपुढे आधीच टाइप केलेला दाखला ठेवू नये. त्या शाळेचा कागद मी सही न करताच परत दिला आहे.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, ता. चिपळूण