मागे बसणारा चालवतो

ओहाकुने, न्यूझीलंड
23 जानेवारी

प्रिय जाड्या,

तुझे तीन मेसेज आज एकदम मिळाले. चौथा शिव्यांचा होता, तोही मिळाला. तीन दिवस मी होतो तिथे रेंजचं नावच नव्हतं. जिवंत आहे. नडगीवर टेंगूळ, दोन्ही तळहातांना फोड आणि सगळ्या कपड्यांना चिखलाचा वास, बाकी ठणठणीत. फोनवर सांगायला घेतलं तर तू मधेमधे बोलशील, म्हणून लिहितोय.

इथे वांगानुई नावाची नदी आहे. टोंगारिरो ज्वालामुखीच्या उतारावर उगम, लांबी 290 किलोमीटर. त्यातला वाकाहोरो ते पिपिरिकी हा 87 किलोमीटरचा टप्पा आम्ही कनूने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, उतरलो. न्यूझीलंडमध्ये पायी भटकंतीच्या खास वाटा ठरवल्यात, त्यांना 'ग्रेट वॉक' म्हणतात, आणि त्या यादीत ही नदीही आहे! एक पाऊल चालायचं नाही, तरी वॉक. तुझ्यासाठीच केल्यासारखी आहे.

हॉस्टेलच्या फळ्यावर चिठ्ठी होती, 'कनूत एक जागा रिकामी'. मी नाव दिलं. आठ जण, चार कनू. एक ऑस्ट्रेलियन जोडपं, दोन इस्रायली पोरं नुकतीच लष्करातून सुटलेली, चिलीचा एक सुतार, एक डच मुलगी, मी, आणि माझ्या वाट्याला आलेली जर्मन बाई. वय साठीच्या पुढे, टपाल खात्यातून निवृत्त, डोक्यावर गवती टोपी. मी मनात म्हटलं, झालं, आता 87 किलोमीटर एकट्याने वल्हवायचं.

सामानासाठी आवळ झाकणाची प्लॅस्टिकची पिंपं देतात. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा, सगळं त्यात कोंबायचं आणि पिंपं दोरीने कनूला करकचून बांधायची. कनू उलटली तरी ती तरंगत राहतात. मला एकदम गणपती घाट आठवला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुझ्या काकांनी आपल्याला ढकललं होतं ना, तेच तत्त्व. तू तेव्हा डब्यासकट रडत होतास, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. कनूत पुढे बसणारा नुसता जोर लावतो. दिशा देतो तो मागचा. स्कूटरच्या बरोबर उलटं. मला हे कळल्यावर मी अर्थातच मागची जागा धरली. तुला माहितीये, सातवीपासून आजवर तुझ्या कुठल्याच गाडीवर मी मागे बसलेलो नाही, तुझ्या स्वतःच्या स्कूटरवरसुद्धा नाही. बाईंनी एकदा विचारलं, "आधी कधी चालवलीय?" मी म्हटलं, नदीकाठी वाढलोय. खोटं नव्हतं ते.

निघताना शिकवलं होतं की धार उथळ झाली की पाण्यावर इंग्रजी व्ही दिसतो. टोक खालच्या अंगाला असेल तर तो रस्ता, वरच्या अंगाला असेल तर तिथे दगड. दीड तासाने पहिलीच किरकोळ धार आली. मला व्ही दिसला. टोक कुठल्या अंगाला होतं ते बघायला मी विसरलो. बाई पुढून ओरडल्या, "लिंक्स!" म्हणजे डावीकडे. मी ते लक्ष देऊन ऐकलं आणि उजवीकडे वळवली. एक दणका, कनू आडवी, आणि जानेवारीचा ऐन उन्हाळा असूनही पाणी असं गार की तोंडातून आवाजच फुटेना. नडगीचं टेंगूळ तिथलंच. टोपी आमच्या पुढे पुढे निघाली होती. बाईंनी एका हाताने कनू धरली, दुसऱ्याने मला, आणि पिंपं मोजली. सहाच्या सहा होती. काठाला लागल्यावर त्यांनी टोपी पिळली, डोक्यावर ठेवली आणि एकही शब्द न बोलता मागच्या जागेवर जाऊन बसल्या. चौतीस वर्षं टपालाची सायकल चालवलेली बाई, तिच्याशी मी काय वाद घालणार?

मग पुढे बसून मला पहिल्यांदा नदी दिसली. दोन्ही बाजूंना मऊ चिखलदगडाचे सरळसोट कडे, त्यांच्यावर नेचे आणि शेवाळ, मधूनच एखादी बारीक धार वरून थेट पाण्यात. कड्यावर रानबकऱ्या उभ्या, आपल्याकडे बघत. काही ठिकाणी खडकात मुठीएवढी भोकं दिसतात. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, प्रवाहाविरुद्ध होड्या नेताना बांबूसारखे लांब सोट तिथे टेकवायचे. एकाच जागी टेकवून टेकवून दगड झिजला. आपल्या विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराचे चरे असतात, तसं. पुढच्या जागेवरून त्यातल्या एका भोकाला हात लावता आला.

पहिला मुक्काम जॉन कूलला, 37 किलोमीटर वल्हवून. चमचा धरवेना. ऑकलंडच्या इंडियन दुकानातलं बेसन होतं, त्याचं पिठलं केलं. छोट्या शेगडीवर गुठळ्या झाल्या, तरी चिलीच्या सुताराने पातेलं पुसून खाल्लं आणि वर म्हणाला, तिखट कमी आहे. या माणसाला आपण मिसळीला नेऊ. अंधार पडायला साडेनऊ वाजतात. मग वटवाघळं निघाली, आणि रात्री तंबूत पडल्यावर कुणीतरी चढत्या आवाजात शिट्टी मारत राहिलं. तो किवी पक्षी. दिसला नाही, पण झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत उतरून जंगलात पाऊण तास चाललो, तर समोर मोठा सिमेंटचा पूल. अलीकडे रस्ता नाही, पलीकडे रस्ता नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या. पूल 1936 साली झाला, तोवर बहुतेक जण सोडून गेले होते, आणि 1942 मध्ये खोरंच बंद केलं. नावच 'कुठेच न जाणारा पूल'.

संध्याकाळी तिएके कैंगाला पोचलो. तिथे माओरींचं मराए आहे, म्हणजे त्यांची सभेची जागा. असंच आत शिरायचं नसतं. एका आजींनी लांबून सुरात हाक दिली, तेव्हा आम्ही सगळे सावकाश पुढे गेलो. भाषणं झाली, नाकाला नाक लावून भेटलो. मग आमची ओळख विचारली. त्यांच्याकडे आधी नाव सांगत नाहीत. माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, मग घराणं, आणि नाव शेवटी. आपल्याकडे 'कुठले, कुणापैकी?' विचारतात, तेच, पण डोंगरापासून सुरू. इस्रायली पोरं अडखळली. बाईंनी ऱ्हाईन सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी मराठीत म्हटलं, माझा डोंगर पांडवगड, माझी नदी कृष्णा. आणि जाड्या, त्यापुढे घसा असा दाटला की नाव सांगायचंच राहिलं. पाहुण्यांनी गाणं म्हणायचं असतं, तर मी गणपतीची आरती म्हटली. टाळ्या आपोआप जमल्या.

नंतर चहाच्या वेळी त्या आजींनी सांगितलं की 2017 मध्ये इथल्या संसदेने या नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात. नदीच्या हक्कासाठी 140 वर्षांहून जास्त काळ यांचं सरकारशी भांडण चालू होतं. मी म्हटलं, त्याच मार्च महिन्यात आमच्याकडे उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानेही याच नदीचा दाखला देऊन गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं होतं, पण जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या नदीचं काय?" मी सांगितलं, आम्ही तिला कृष्णाबाई म्हणतो, दरवर्षी तिचा उत्सव करतो. त्यांना फार आवडलं. घाटाखाली जलपर्णी आणि गटार आहे, हे मात्र मी गिळलं. त्यांनी पुढे विचारलं नाही म्हणून बरं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात मोठ्या धारा येतात. त्यातल्या एकीचं टोपणनाव 'फिफ्टी-फिफ्टी', कारण निम्म्या कनू उलटतात म्हणे. इस्रायली आरडाओरडा करत पार. ऑस्ट्रेलियन नवरा-बायको भांडत पार. बाईंनी व्ही अगदी बरोबर पकडला, मी जीव तोडून वल्हं मारलं, आणि शेवटची उंच लाट थेट माझ्या मांडीत आली. कनू भरली आणि सावकाश, अगदी सभ्यपणे, कलंडली. वर आलो तर बाई पाण्यात पाठीवर तरंगत खो-खो हसत होत्या. टोपी या वेळी गेली ती गेलीच.

पिपिरिकीला पिंपं उतरवताना त्यांनी जाहीर केलं, "एक तुझी, एक माझी. हिशेब मिटला."

उद्या बसने वेलिंग्टन. आळीच्या उत्सवाला मी पोचत नाही, माझी वर्गणी तू भर. आणि ती स्कूटर विकायचं काढलंयस ते थांबव. मी आलो की तू चालव, मी मागे बसतो. फक्त घाटाच्या उतारावर मी 'डावीकडे' म्हटलं की डावीकडेच घे.

तुझाच,
काड्या