मुळू वदनाचा देव

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार.

तू विचारलेला ‘मुळू’ हा शब्द नंदभाषेतला असून त्याचा अर्थ पाच असा आहे. सराफ, कापडवाले आणि दलाल यांनी गिऱ्हाइकादेखत आपसात भाव बोलता यावा म्हणून ही सांकेतिक बोली वापरली. वाक्य मराठीच असे, पण आकडे पालटलेले असत: केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा आणि अंगुळू दहा. गिऱ्हाईक गादीवर बसून पाटल्या न्याहाळत असताना मालकाने सहज बोलल्यासारखे ‘शेली’ म्हटले, की किती रुपये सोडायचे ते गुमास्ता उमजे आणि गिऱ्हाईक मात्र कोरडेच राही. (ढोरबाजारातले दलाल हेच काम रुमालाखाली बोटे दाबून करतात.)

खरी गंमत पुढेच आहे. पेढीवरचा हा शब्द थेट अभंगात शिरला. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका रचनेत ‘मुळू वदनाचा’ असे म्हटले आहे. पाच मुखांचा तो शंकर. तिथेच उधानू नेत्राचा म्हणजे पुन्हा त्रिनेत्र शंकरच येतो. विसोबा सराफीचा धंदा करीत अशी परंपरागत समजूत आहे. ती धरली तर हे शब्द त्यांना शोधायला दूर जावे लागले नसेल.

मला यातली रचना फार हुशारीची वाटते. पंचानन, चतुरानन, षडानन अशी मुखे मोजून देवांना नावे देण्याची रीत संस्कृतात आधीपासूनच होती. अभंगकर्त्याने तीच रीत ठेवली आणि ‘पंच’च्या जागी बाजारातला ‘मुळू’ बसवला. एकनाथांच्या भारुडातले कूट उलगडायला रूपकाची फोड करावी लागते. इथे आकडा कळला की देव ओळखता येतो, आणि तो आकडा ठाऊक असणारा श्रोता पेढीवरचाच. ज्या शब्दांनी भाव लपवायचा, त्यांनीच देव झाकायचा, हा खट्याळपणा औंढ्या नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून निजणाऱ्या आणि नामदेवांना ‘देव नाही अशी जागा दाखव’ म्हणणाऱ्या विसोबांना शोभतो. म्हणूनच, ही रचना त्यांची आहे असे मानायला माझे मन सहज राजी होते.

तुझ्या काकांच्या पेढीवर जुनी माणसे अजून असतील, तर त्यांच्याकडून अकरापासून पुढचे आकडे लिहून घेऊन मला पाठव.

तुझा,
दिगंबर