आई-बाबांच्या वह्या वाचवणाऱ्यांचे आभार

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी वडोदऱ्यातील आमच्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा दिवंगत आई-बाबांची ट्रंक पाण्यात बुडाली होती. ती उचलून गच्चीवर नेणाऱ्या आणि भिजलेल्या वह्यांच्या पानापानांत कोरे कागद घालून त्या पंख्याखाली वाळवणाऱ्या, नावही न सांगता निघून गेलेल्या तरुणांचे मी मनापासून आभार मानते.

त्या ट्रंकेत काय होते, हे त्यांना कळावे म्हणून लिहीत आहे. बाबांना पुस्तकबांधणीचा नाद होता. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभारलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे ते निष्ठावान वाचक. शेजाऱ्यांची फाटकी पुस्तके ते रविवारी दोऱ्याने शिवत, आणि कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून ती स्वतः शिजवत. त्या खळीचा वास म्हणजे माझ्यासाठी रविवार. आईच्या रांगोळीच्या वह्याही त्यांनीच बांधल्या होत्या. पंधरा ते आठ ठिपक्यांचे कमळ ती न मोजता काढत असे, आणि नवा आकार सुचला की पोळ्या लाटताना पिठातच बोटाने आखून पाहत असे.

काही पानांवरची शाई फुटली आहे, पण ठिपके मोजता येतात. यंदाच्या दिवाळीत त्यांतलीच एक रांगोळी मी दारात काढली. त्या तरुणांपैकी कोणी हे वाचले, तर फराळाला अवश्य यावे.