फुटबॉल प्रशिक्षक डेरिक परेरा सरांना एका पुणेकर शालेय प्रशिक्षकाचे आभारपत्र

आदरणीय डेरिक परेरा सर,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एका शाळेत मी मुलांना फुटबॉल शिकवतो. आपला आणि माझा परिचय नाही. बालेवाडीच्या मैदानाकडेला उभे राहून आपण संघाला सूचना देत असताना प्रेक्षागारात जे लोक बसलेले असत, त्यांपैकी मी एक. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावेसे वाटले, कारण ज्या ऋणाविषयी मला लिहायचे आहे, ते माझे एकट्याचे नाही. महाराष्ट्रात फुटबॉल खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अनेकांवर ते आहे आणि त्याचा उच्चार फार कमी वेळा झाला आहे.

महाराष्ट्रात क्रिकेटपलीकडच्या खेळांचा इतिहास आपुलकीने सांगितला जात नाही, म्हणून एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवतो. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली. पहिल्या मोसमात ती पंजाबच्या जेसीटी संघाने जिंकली आणि त्यानंतर सलग आठ मोसम विजेतेपद कोलकाता आणि गोवा यांच्याबाहेर गेले नाही. ही साखळी २००५-०६ च्या मोसमात मुंबईच्या महिंद्र युनायटेडने तोडली आणि त्या संघाचे प्रशिक्षक आपण होता. त्याच मोसमात फेडरेशन चषक ही देशातील क्लबांची दुसरी मोठी स्पर्धाही संघाने जिंकली. पुढे २००७ साली महिंद्र युनायटेड एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. महाराष्ट्रातील संघाला राष्ट्रीय पातळीवरची लीग पुन्हा जिंकायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. २०२१ साली मुंबई सिटीने इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा. मुंबईतील कूपरेजच्या मैदानावर महिंद्रच्या त्या लाल जर्सीतील संघाला पाहिलेली माणसे आजही युसुफ याकुबूच्या गोलांविषयी आणि स्टीव्हन डायसच्या धावांविषयी भरभरून बोलतात. ते स्वाभाविक आहे, परंतु त्या गोलांच्या मागे उभी असलेली शिस्तही तितक्याच प्रेमाने आठवली जावी, असे मला मनापासून वाटते.

ती शिस्त कोठून आली असावी, हे आपली खेळाडू म्हणून असलेली कारकीर्द पाहिली की समजते. आपण बचावपटू होता. भारताकडून खेळलात आणि गोव्यात साळगावकर संघाची जर्सी घातलीत. त्या संघाने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला आणि गोव्याचा फुटबॉल कोलकात्याच्या सावलीत राहणारा नाही, हे देशाला दाखवून दिले. त्या काळाविषयी बोलताना ब्रूनो कुतिन्होंसारख्या आघाडीवीरांची नावे प्रथम येतात. बचावपटूचे नाव बहुधा त्याच्या हातून चूक झाली तरच घेतले जाते, आणि हा अन्याय सहन करत वर्षानुवर्षे खेळणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप मिळते, ती म्हणजे मैदान पाहण्याची दृष्टी. मागे उभ्या असलेल्या खेळाडूसमोर दोन्ही संघांचा सगळा खेळ मांडलेला असतो. मधली फळी कोठे विस्कळीत झाली, उजव्या बाजूचा सहकारी परत येताना कोठे थकला, प्रतिस्पर्धी आघाडीवीर चेंडूकडे न पाहता मोकळ्या जागेकडे कधी पाहू लागला, हे त्याला इतरांच्या आधी दिसते. उत्तम प्रशिक्षक होण्याची निम्मी तयारी येथेच होत असावी.

२०१० साली आपण पुणे एफसीची जबाबदारी घेतलीत आणि माझे खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. आमच्या शाळांच्या मैदानांवर एक जुनी रीत आहे. ज्या मुलाला चेंडू नीट खेळवता येत नाही, त्याला मागे उभे करायचे आणि ‘चेंडू आला की लांब मार’ एवढेच सांगायचे. बचाव म्हणजे खेळ न येणाऱ्यांची जागा, हा समज मुलांच्या मनात तेथेच पक्का होतो आणि मग मागे खेळायला कोणी राजी होत नाही. बालेवाडीला आपल्या संघाचे सामने पाहायला मुलांना घेऊन जाऊ लागल्यावर मी त्यांना एकच काम देत असे: चेंडूकडे पाहू नका, पुण्याच्या मागच्या चौघांकडे पाहा. चेंडू डाव्या बाजूला गेला की चौघेही एकत्र डावीकडे सरकत. एक जण पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याला अडवू लागला की त्याच्या मागची जागा दुसरा भरून काढी. चेंडू मागे खेळवला गेला की चौघे मिळून चार पावले वर येत आणि गाफील आघाडीवीर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे नियमबाह्य जागी, सापडे. एरवी सामन्याचा हा भाग मुलांच्या नजरेतून पूर्ण निसटतो. तो दिसू लागल्यावर मात्र घसरून केलेल्या टॅकलपेक्षा योग्य जागी आधीच उभे राहणे श्रेष्ठ का, हे मला फळ्यावर समजावून सांगावे लागले नाही. पुढच्या सरावाला काही मुले स्वतःहून मागे खेळायला तयार झाली. एखाद्या शालेय प्रशिक्षकाला यापेक्षा मोठी मदत कोणी करू शकेल, असे मला वाटत नाही, आणि ती आपण नकळत केलीत.

राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा घेतलेल्या आय-लीगच्या २०१२-१३ च्या मोसमात पुणे एफसीने चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरे स्थान मिळवले. जेम्स मोगाचे गोल आणि अराता इझुमीचा मैदानभर चालणारा अथक वावर त्या यशात होताच, पण माझे लक्ष त्या संघात घडत असलेल्या एका बचावपटूवर अधिक असे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून आलेला अनस एडाथोडिका २०११ साली पुणे एफसीत दाखल झाला होता. पुढे तो भारतीय संघाच्या बचावाचा आधार झाला आणि २०१९ च्या आशियाई चषकात देशाकडून खेळला. खेळाडू स्वतःच्या कष्टाने मोठा होतो, याविषयी वाद नाही. तथापि मोठे होण्याच्या वयात त्याला आयुष्यभर बचावात खेळलेला प्रशिक्षक लाभावा, हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. त्या दुसऱ्या स्थानामुळे पुढच्या वर्षी एएफसी चषकाचे सामने बालेवाडीत झाले आणि हाँगकाँग, सिंगापूर, म्यानमार येथील संघ आमच्या मुलांना आपल्याच शहरात खेळताना पाहता आले. तोवर आपण पुणे सोडून साळगावकरकडे गेला होता, पण त्या सामन्यांचे श्रेय मी आपल्याला आणि आपल्या त्या संघालाच देतो.

आता जे लिहितो आहे, ते लिहिताना मन जड होते. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ नंतर मैदानात उतरला नाही. साळगावकरने २०१६ साली आय-लीगमधून माघार घेतली. साळगावकर सोडल्यावर आपण ज्या डीएसके शिवाजीयन्स संघासाठी पुन्हा पुण्यात आलात, तोही २०१७ च्या पुढे त्या लीगमध्ये टिकला नाही. एका प्रशिक्षकाने ज्या घरांत राबून काम केले, ती घरे एकामागून एक अशी मिटत जावीत, याची तुलना मला तरी दुसऱ्या कोणाच्या कारकिर्दीशी करता येत नाही. याच काळात, म्हणजे २०१४ पासून, इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तेथे पहिली काही वर्षे मुख्य प्रशिक्षकाची जागा जवळजवळ नेहमीच परदेशी माणसाकडे राहिली. राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेल्या भारतीय प्रशिक्षकाला याचा मनस्ताप झाला असता, तर त्यात काही वावगे नव्हते. आपण मात्र काम करत राहिलात. आपण २३ वर्षांखालील भारतीय संघ सांभाळलात आणि एफसी गोवाच्या तांत्रिक संचालकपदाची धुराही वाहिलीत. २०२० च्या सुरुवातीला त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक गेल्यावर क्लिफर्ड मिरांडांवर हंगामी जबाबदारी आली, तेव्हा आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिलात. जमशेदपूरला ५-० असे हरवून गोव्याने साखळी फेरीत अव्वल स्थान निश्चित केले आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. डिसेंबर २०२१ मध्ये मोसम चालू असताना मुख्य प्रशिक्षक संघ सोडून गेले, तेव्हा ती जागा आपणच घेतलीत. तो मोसम गोव्यासाठी यशाचा ठरला नाही आणि संघ नवव्या स्थानी राहिला, परंतु अडचणीच्या वेळी हाक दिल्यावर पुढे येणारा माणूस म्हणून आपल्याविषयीचा माझा आदर त्या मोसमाने वाढवला.

आपल्या या साऱ्या कामाबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. मुंबईला तो मोसम दिल्याबद्दल, पुण्याला उत्तम बचाव म्हणजे काय हे घरच्या मैदानावर दाखवल्याबद्दल आणि आमच्या मुलांना मागे खेळण्यात अभिमान वाटेल असा संघ घडवल्याबद्दल.

एक विनंतीही करतो. बचावफळी कशी घडवावी, याविषयीचा आपला अनुभव आपण सविस्तर लिहून ठेवावा. कोकणीत लिहा, मराठीत लिहा किंवा इंग्रजीत लिहा. आम्ही तो तालुक्यातालुक्यांतील क्रीडाशिक्षकांपर्यंत पोहोचवू. ज्यांच्याकडे बारा-तेरा वर्षांची मुले, एक चेंडू आणि निम्मे मैदान एवढेच असते, त्यांच्यासाठी सरावाचे चार प्रकार जरी आपण सुचवलेत तरी त्यांचा मोठा उपयोग होईल.

लोभ असावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पुण्यातील एक शालेय फुटबॉल प्रशिक्षक