संज्या, आधी डोळे तपास

कोलंबस, ओहायो
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

तुझा फोन आला तेव्हा मी नेमबाजीच्या रेंजवर होतो. कानावर मफ, त्यात शेजारच्या लेनवर कुणीतरी मोठी रायफल घेऊन बसलेला, त्यामुळे तुझं अर्धं बोलणं बाराच्या भावात गेलं. एवढं कळलं की ग्रीन कार्ड आल्याआल्या तू रुगर 10/22 (.22 ची रायफल) घेतलीस आणि आता तिच्यावर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट, बसवायचा आहे, "पण लेका, शंभर-दीडशेच्या वर जायचं नाही." बरं केलंस थांबलास ते. एच-वन व्हिसावर असताना शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवायला कायद्यानंच बंदी आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते ठाऊकच नसतं. व्हॉट्सअॅपवर चार ओळीत उत्तर लिहायला बसलो, पण आवरेना, म्हणून हे सविस्तर.

पहिल्यांदा माझा गाढवपणा ऐक. मी पहिला डॉट घेतला पस्तीस डॉलरचा. ऑनलाइन, दिसायला हुबेहूब सैन्यातल्यासारखा, अंगावर मोठ्या कंपनीसारखी अक्षरं. मुळात ती वस्तू होती प्लॅस्टिकचे छर्रे मारायच्या खेळण्यातल्या बंदुकीसाठी. पहिल्या शनिवारी झिरो केलं, म्हणजे ठिपका जिथं तिथंच गोळी लागेल असं जुळवलं, पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत. मी खूश. दुसऱ्या शनिवारी त्याच बंदुकीनं त्याच अंतरावरून चार इंच डावीकडे. परत झिरो केलं. तिसऱ्या शनिवारी खाली. जत्रेत फुगे फोडायची बंदूक असायची ना, नळी वाकवून ठेवलेली, फुग्यावर नेम धरला की शेजारचा खिळा लागायचा, अगदी तसंच. मला वाटायचं आपलाच हात बिघडला. पाचशे गोळ्यांचा डबा चाळीसेक डॉलरला येतो. असे दोन डबे मी नुसतं झिरो शोधण्यात घालवले. म्हणजे पस्तीस अधिक ऐंशी. तेवढ्यात चांगला डॉट आला असता की रे.

सुधारून मग सव्वाशे डॉलरचा बरा डॉट मागवला. तो लावून बघतो तर ठिपका गोल नाहीच! उन्हात घामानं कुंकू ओघळतं तसा, खाली शेपूट असलेला. दुकानाला चार शब्द सुनावले, परत पाठवला, बदली आला, त्यालाही तेच शेपूट, त्याच बाजूला. तेव्हा रेंजवरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "फोनचा कॅमेरा काचेमागं धर." धरला. फोनमध्ये ठिपका टिकलीसारखा गोल. मग म्हणाला, "आता बंदूक आडवी फिरव." फिरवली, तर ठिपक्याचं शेपूट बंदुकीबरोबर फिरलंच नाही, होतं तिथंच खाली. डॉटमध्ये दोष असता तर शेपूट त्याच्याबरोबर फिरलं असतं. दोष माझ्या बुबुळात होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, उजव्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर निघाला. इतकी वर्षं स्क्रीनकडे बघून डोकं दुखतं म्हणून मी चहाला दोष देत होतो.

तेव्हा पैसे काढायच्या आधी हे करून बघ. दुकानात जाऊन कुठलाही डॉट हातात घे, ठिपक्याचा उजेड कमी ठेव आणि तो बघ. चांदणीसारखा, स्वल्पविरामासारखा किंवा दोन ठिपके चिकटल्यासारखा दिसला, तर फोनची आणि फिरवण्याची परीक्षा कर. नंबर असेल तर चष्मा लावून बहुतेक वेळा ठिपका सुधारतो. चष्म्यानंही भागलं नाही तर प्रिझमवाला साइट घ्यायचा. त्यात खूण काचेवर कोरलेली असते, म्हणून ती फाटत नाही. पण चांगल्याला जास्त पैसे मोजावे लागतात आणि डोळा बरोबर ठराविक अंतरावर ठेवावा लागतो. काही जणांना हिरवा ठिपका लालपेक्षा स्वच्छ दिसतो. मला फरक पडला नाही.

तू फोनवर विचारलंस, हे लेझरसारखं आहे का. नाही रे. समोर काहीच पडत नाही. आत एक इवलासा एलईडी असतो, तो पुढच्या काचेवर उजेड टाकतो. काच किंचित वक्र, आणि तिच्यावर असा लेप की तेवढा लाल रंग माघारी फिरतो, बाकीचा उजेड आरपार जातो. माघारी फिरलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता लांब निशाणावर टेकल्यासारखा दिसतो. मान थोडी इकडंतिकडं झाली तरी फारसं बिघडत नाही. काचेतून जग जरा निळसर दिसतं ते त्या लेपामुळं. कल्पना जुनी आहे: डब्लिनमध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रबनं 1900 सालीच ती मांडली होती. एलईडीवर चालणारा पहिला बाजारात आला तो स्वीडनच्या एमपॉइंटचा, 1975 साली.

त्याच एमपॉइंटचे आजचे चांगले डॉट सात-आठशे डॉलरच्या घरात जातात. घेऊ नकोस. चिखलात लोळणाऱ्या सैनिकाला ते लागतात; तू आणि मी शनिवारी सकाळी छपराखाली टेबलावर बसून कागद फोडणार. .22 ला धक्का तो केवढा! तुझ्या बजेटात मला पटलेले सांगतो. सिग साउअरचा रोमिओ 5 सव्वाशेच्या आसपास मिळतो आणि माझ्याकडे तोच आहे. दोन एमओएचा ठिपका (एमओए म्हणजे काय ते खाली सांगतो), साधी सीआर 2032 बॅटरी, आणि सगळ्यात भारी म्हणजे दोन मिनिटं हलला नाही की झोपतो, बंदूक उचलली की जागा होतो. कंपनी चाळीस हजार तास म्हणते. होलोसनचा 403 बी त्याचाच जुळा भाऊ म्हण, पन्नास हजार तासांचा. व्होर्टेक्सच्या क्रॉसफायरला हलवल्यावर जागं व्हायची सोय नाही, पण त्यांची हमी आयुष्यभराची, पावतीसुद्धा मागत नाहीत. बुशनेलचा टीआरएस-25 या सगळ्यांत स्वस्त, तीन एमओएचा. बॅटरी तीन हजार तास. ऐकायला खूप वाटतं, पण बंद करायला विसरलास की सव्वाशे दिवसांत खलास, आणि तू गॅस बंद करायला विसरणारा माणूस आहेस. तेव्हा झोपणारा-उठणाराच घे.

एमओए म्हणजे कोनाचं माप. एक एमओए शंभर यार्डांवर साधारण एक इंच भरतो, पन्नासवर अर्धा, पंचवीसवर पाव. म्हणजे दोन एमओएचा ठिपका पन्नास यार्डांवर निशाणाचा एक इंच झाकतो. सहा एमओएचा घेतलास तर तोच तीन इंच झाकेल आणि काळा गोळा ठिपक्यामागं दिसेनासा होईल. मोठा ठिपका पिस्तुलावर बरा, पटकन सापडतो. तुला दोनचाच.

आता एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि सगळे इथंच फसतात. या डॉटबरोबर बहुतेक वेळा तो बंदुकीवर बसवायच्या दोन बैठका (माउंट) येतात, एक उंच, एक बुटकी. उंच बैठक असते एआर प्रकारच्या रायफलीसाठी, कारण तिचा दस्ता नळीच्या रेषेत सरळ मागं जातो. 10/22 चा लाकडी दस्ता खाली उतरतो. तिच्यावर उंच बैठक लावलीस तर गाल लाकडावर टेकणारच नाही, मान उंटासारखी वर काढून बघावं लागेल आणि दर वेळी डोकं वेगळ्या जागी येईल. बुटकी लाव. गाल टेकव, डोळे मीट, उघड. ठिपका काचेच्या मध्याजवळ दिसला की बसली.

आणि 10/22 च्या डब्यात जी पट्टी येते तिच्यावर डॉट बसतो का ते आधी बघ. अशा पट्ट्या दोन पद्धतींच्या: विव्हर पद्धतीची खाच 0.180 इंच रुंद असते, पिकाटिनीची 0.206. डॉटच्या बैठकीचा पिकाटिनीसाठी केलेला आडवा दांडा विव्हरच्या खाचेत उतरत नाही. ठोकून बसवायला जाऊ नकोस (मी हातोडी आणली होती, बायकोनं काढून घेतली). पिकाटिनीची पट्टी वीस-तीस डॉलरला मिळते, चार स्क्रूंनी बसते. स्क्रूवर निळं लॉकटाइट एक थेंब, लाल नको, लाल लावलंस तर परत निघायचं नाही. कसून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरलाय. वहिनीला विचारून घे पॉलिश.

झिरो पंचवीस यार्डांवर कर, मग पन्नासवर जा. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेव आणि पाच गोळ्या घाई न करता मार. एक-एक गोळी मारून स्क्रू फिरवत बसू नकोस, पाचही गोळ्यांची झुंड कुठं पडते ते बघ. समज झुंड तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली आहे. रोमिओचा स्क्रू फिरवताना एका क्लिकला अर्धा एमओए, म्हणजे पंचवीसवर इंचाचा आठवा भाग. तर उजवीकडे चोवीस क्लिक, वर सोळा. परत पाच मार. दोन-तीन फेऱ्यांत होतं. दहा यार्डांवर मारलीस तर गोळी ठिपक्याच्या जरा खाली लागेल, घाबरू नकोस; डॉट नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेला असतो, तेवढा फरक जवळून दिसणारच. आणि उजेड कमीत कमी ठेव. भगभगीत ठिपका मोठा दिसतो, कडा फुटतात.

एनसीसीतलं एक मात्र विसरावं लागेल. आठवतात ना आपले हवालदारसाहेब? "लेटकर शिस्त लो!" म्हटल्यावर तू "साहेब, मी शिस्तीतच आहे" म्हणालास आणि मैदानाला तीन चकरा मारल्यास. तेव्हा तरी कळलं की त्यांच्या भाषेत शिस्त म्हणजे नेम. डावा डोळा बंद, नजर पुढच्या माशीच्या (नळीच्या टोकावरच्या लोखंडी खुणेच्या) टोकावर, निशाण धूसर. इथं सगळं उलटं. दोन्ही डोळे उघडे, नजर निशाणावर, ठिपका आपोआप त्याच्यावर येऊन बसतो. मला दोन महिने लागले, ठिपक्याकडेच टक लावून बघायचो.

आणखी एक. लोखंडी माशीवरून नेम धरताना आपला हात किती हलतो ते कळत नाही. डॉट लावल्यावर कळतं. ठिपका निशाणावर माशीसारखा घोंघावत राहतो (ही खरी माशी). पहिल्या दिवशी मला वाटलं कंपवात झाला. तो थांबायची वाट बघायची नाही आणि मध्यावर आला म्हणून चाप झटक्यात ओढायचा नाही. घोंघावू दे, चाप सावकाश दाबत राहा. श्वास अर्धा सोडून धरायचा, हे मात्र हवालदारसाहेबांचंच चालतं.

तू म्हणालास, आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्याच्याकडे कुठला डॉट असेल. कुठलाच नाही! त्या प्रकारात डॉट चालतच नाही. मागं बारीक छिद्र, पुढं कडं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये निशाणाचा काळा गोळा बसवायचा. उभं, गुडघ्यावर आणि झोपून. मी एकदा तसली छिद्राची साइट 10/22 वर लावून उभ्यानं मारून बघितलं. दहातल्या चार गोळ्या कागदावर होत्या. बाकीच्या सहा ओहायोत कुठंतरी आहेत, म्हणजे मागच्या मातीच्या बांधात, काळजी करू नकोस.

रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाल. डोळ्यांवर संरक्षक चष्मा. "कोल्ड" (म्हणजे गोळीबार बंद) म्हटलं की बंदुकीला हात लावायचा नाही, अगदी बॅटरी बदलायलासुद्धा नाही. घरी आल्यावर पोरांना जवळ घ्यायच्या आधी हात साबणानं धू, गोळ्यांचं शिसं हाताला लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत येतोयस म्हणालास ना? तोवर डॉट घेऊ नकोस. माझा लावून मार, बुटक्या बैठकीवर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र त्याआधी जा, आणि सिलिंड्रिकल नंबर किती निघाला ते कळव. मग ठरवू, रोमिओ की प्रिझम.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला गोड पापा.

तुझा,
विन्या

ता. क. घरी "टॉर्च घेतलाय" असं सांगू नकोस. मी सांगितलं होतं. जूनच्या वादळात लाइट गेली तेव्हा तोच मागितला गेला.