विषय : १९३० च्या संचाऐवजी रिप्रिंट आणि भलत्याच वर्षाचं कार्ड पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आजच्या फोननंतर तुमच्या हेल्पलाइनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी देत आहे. ऑर्डरचा तपशील तुमच्या सिस्टीममध्ये आहे. इंग्लंडच्या जॉन प्लेयर कंपनीच्या सिगारेट पाकिटांतून निघालेल्या, क्रिकेटपटूंची चित्रं असलेल्या ‘क्रिकेटर्स’ संचातली चार सुटी कार्डं मागवली होती, चारही १९३० ची. दोन बरोबर आली. तिसरं, म्हणजे इंग्लंडकडून खेळलेल्या दुलीपसिंहजींचं, रिप्रिंट (नंतर छापलेली नक्कल) आहे. चौथं १९३८ च्या संचातलं आहे.

जुनी कार्डं विकणाऱ्या कंपनीला हे सांगावं लागू नये, पण तुमच्या माणसांना माहीत नाही असं दिसतं. प्लेयरने ‘क्रिकेटर्स’ नावाने १९३०, १९३४ आणि १९३८ असे तीन संच काढले आणि तिन्ही ५० कार्डांचे आहेत. म्हणजे १ ते ५० मधला प्रत्येक नंबर तीन वेळा येतो. नुसत्या नंबरावरून कार्ड ओळखता येत नाही, वर्ष बघावंच लागतं. आणि वर्ष ओळखणं इथे अवघड नव्हतं. १९३८ च्या कार्डाच्या पाठीला गोंद आहे, कारण ती अल्बममध्ये चिकटवायला काढली होती. १९३० च्या कार्डाची पाठ बिनगोंदाची असते. पाकीट भरणाऱ्याने कार्ड एकदा उलटं करून पाहिलं असतं तरी चूक तिथेच सापडली असती.

हे मी फोनवर सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर होतं, “सर, नंबर तर तोच आलाय ना?” मी म्हटलं, नंबर तोच आहे, खेळाडू वेगळा आहे, संच वेगळा आहे. त्यावर, “पण क्रिकेटर्सच आहे ना सर?” मी ऑर्डरमध्ये १९३० लिहिलंय ते वाचा म्हटलं. वाचलं. मग म्हणाले, “हे त्याच्यापेक्षा नवीन आहे सर, कंडिशन चांगली आहे.” रिप्रिंटचा विषय काढल्यावर तर, “फोटो सेम आहे, अल्बममध्ये लावल्यावर कोणाला कळणार?” आणि शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन. माल मूळ म्हणून विकायचा आणि ग्राहकाला म्हणायचं की कोणाला कळणार! ज्याने ते कार्ड शोधण्यात वर्षं घातली त्याला कळतं. हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. काढून ऐका.

रिप्रिंट कशावरून, तेही लिहितो, म्हणजे पुन्हा ‘तपासून कळवतो’ नको. मूळ कार्ड साधारण ६७ बाय ३६ मिलिमीटरचं असतं. आलेलं कार्ड उंचीला जवळजवळ दीड मिलिमीटर कमी आहे आणि उजवी कड हाताने कापल्यासारखी तिरकी गेली आहे. दहापट भिंगाखाली पाठीवरचा मजकूर पाहा. मूळ कार्डावर अक्षरं एकसंध शाईत उमटतात. या कार्डावर ‘इम्पीरियल टोबॅको’ ही बारीक ओळ रंगीत ठिपक्यांची झाली आहे. कार्ड स्कॅन करून छापलं की अक्षरांचे असे ठिपके पडतात. तिसरी खूण सगळ्यात सोपी. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात कार्डावर मारा. १९३० च्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नव्हती, तो मळकटच दिसतो. हे कार्ड निळंपांढरं चमकतं. तुमच्याकडून आलेली बाकीची दोन कार्डं शेजारी ठेवून हे केलं, ती चमकत नाहीत. फरक लहान पोरालाही दिसेल.

शिवाय लिस्टिंगमधल्या फोटोत डाव्या खालच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. माझ्याकडे आलेल्या कार्डावर तो नाही. फोटो एका कार्डाचा आणि विक्री दुसऱ्याची, हा प्रकार चूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. चारही कार्डं एकाच मऊ पीव्हीसी पाकिटात, वर सेलोटेप, बाहेर साधा लिफाफा. पुठ्ठा नाही, टॉपलोडर (कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट) नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. त्या उष्णतेत पीव्हीसीला तेलकटपणा सुटतो आणि ते छपाईला धरतं. कोरड्या हवेत गोंदाची पाठ आकसून कार्ड वाकतं, तसं ते १९३८ चं कार्ड वाकूनच आलं. प्रत्येक कार्डाला वेगळी पॉलिप्रॉपिलीनची स्लीव्ह आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, एवढंच लागतं. खर्च काही रुपयांचा आहे.

ही कार्डं लाखोंनी छापली गेली, ती सोन्याच्या भावाची नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्या प्रतिनिधीनेही ते सुनावलं. पण संचात सत्तेचाळीस असले आणि तीन नसले तर तो संच नव्हे. उरलेली कार्डं त्याच वर्षाची आणि बाकीच्यांच्या तोडीची मिळवायची, तेही भारतात बसून, हे काम किती जिकिरीचं आहे हे कळतं अशी कंपनी म्हणूनच तुमच्याकडे आलो होतो. १९३० साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७३ करणाऱ्या दुलीपसिंहजींचं त्याच वर्षाचं कार्ड हवं होतं. त्याच्या जागी झेरॉक्स कोणी लावून घेणार नाही. तुमच्यावरचा विश्वास उडाला, हे स्पष्ट लिहितो.

आता मागणी. दोन्ही कार्डांचे पूर्ण पैसे मूळ खात्यात परत करा, कूपन नको. परतीचं कुरियर तुमच्या खर्चाने सोलापूरच्या पत्त्यावरून उचला. ते लिस्टिंग आजच काढा, नाहीतर तेच कार्ड पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात पडेल. तुमच्याकडे खरं १९३० चं कार्ड असेल तर पुढून-मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवा, मग बघू.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार ग्राहक राहतो तिथे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तेव्हा मला पुण्या-मुंबईला फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. तुम्हाला मात्र सोलापूरला यावं लागेल.

सोबत : चारही कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो, मोजपट्टीसह, यूव्ही प्रकाशातला फोटो, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, बिल.

तुमचा ग्राहक,
सोलापूर